लो-कार्ब प्रोग्रामचा रिव्ह्यू: ट्रायग्लिसराइड उतरलं, एलडीएल मात्र चढलं

पाचपैकी अडीच स्टार देतेय. अडीचच का, हे जरा सविस्तर सांगते, कारण या प्रोग्राममध्ये जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे आणि जे चुकलंय ते थेट रक्तात जाऊन बसतं.

सोळा आठवड्यांचा ऑनलाइन लो-कार्ब प्रोग्राम होता. ॲप, एक कोच मॅडम, आठवड्याला एक कॉल, ग्रुप चॅट, आणि काय खायचं काय नाही याच्या याद्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर मी अजून तीन-चार प्रोग्रामच्या याद्या मागवून बघितल्या आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच होतं, म्हणजे हा एकट्या एका कंपनीचा प्रश्न नाहीये. तुम्ही कुठलाही असा प्रोग्राम घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा, एवढंच म्हणणं आहे.

मी का घेतला ते आधी. वय ४६. मागच्या वर्षी माझ्या दादाची अँजिओप्लास्टी झाली, तो ५१चा, म्हणून घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करून घेतल्या. माझी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.१ आली म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आणि लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१५, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) ३८, एलडीएल (वाईट म्हणतात ते) १२५, टोटल कोलेस्टेरॉल २०६. ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवं, बाईचं एचडीएल ५०च्या वर हवं, म्हणजे माझं दोन्हीकडून बिघडलेलं. हे जे कॉम्बिनेशन आहे ना, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, पोट सुटलेलं, साखर काठावर, यात कार्ब कमी केले की चांगला फरक पडतो हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं आणि ते बरोबरच आहे, त्यात काही शंका नाही.

आता चांगलं काय ते मनापासून सांगते. कार्ब मोजायला त्यांनी जे शिकवलं ते फार छान शिकवलं. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहायचं होतं, आणि पहिल्याच कॉलला मॅडमनी माझ्या आदल्या दिवसाच्या ताटातली एकेक गोष्ट घेऊन तिचे ग्रॅम मला स्वतःला काढायला लावले, तेव्हा कळलं की ज्याला मी "थोडंसंच" म्हणत होते ते २८० ग्रॅमच्या घरात जात होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं तर मॅडमनी लगेच सांगितलं की कार्ब कमी झाले की इन्शुलिन उतरतं आणि किडनी मीठ-पाणी जास्त बाहेर टाकते, पाणी आणि मीठ थोडं वाढवा (ब्लडप्रेशर असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारा असंही म्हणाल्या), आणि खरंच दोन दिवसांत बरं वाटलं. ॲप व्यवस्थित चालतं, फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत उत्तर येतं, कोणी ओरडत नाही, कोणी लाजवत नाही. आठ आठवड्यांत साडेसात किलो उतरले. मग वजन थांबलं, पुढचे चार आठवडे काटा जागचा हलला नाही. हे थांबलेलं वजन लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बाराव्या आठवड्यात टेस्ट केली. रिपोर्ट मोबाइलवर आला, मी पहिल्यांदा ट्रायग्लिसराइड बघितलं, ९५! एचडीएल ३८चं ४६. एचबीए१सी ५.७. मी अक्षरशः उभी राहिले खुर्चीतून. मग खाली सरकवलं तर एलडीएलच्या पुढे वरच्या दिशेचा ठळक बाण आणि आकडा १८८. टोटल २५३. तीन महिन्यांत एलडीएल ६३नी वाढलेलं.

मी पहिल्यांदा तो रिपोर्टच चुकीचा धरला. दुसऱ्या दिवशी परत उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं, १८५.

आता यात काय झालं असतं ते मी नंतर समजून घेतलं, ते जमेल तसं सांगते. आपण गरजेपेक्षा जास्त साखर-स्टार्च खातो तेव्हा लिव्हर त्यातल्या काही भागाची चरबी बनवतं आणि ती व्हीएलडीएल नावाच्या पुडीत भरून रक्तात सोडतं, रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड म्हणजे मुख्यतः त्या पुड्यांमधला माल. कार्ब कमी केले, वजन उतरलं, की लिव्हर माल भरणं कमी करतं, म्हणून ट्रायग्लिसराइड धाडकन खाली येतं, आणि ते खाली आलं की एचडीएललाही सावरायला वाव मिळतो. हा भाग जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होतो. एलडीएलचं मात्र वेगळं आहे. एलडीएल रक्तातून उचलून आत घ्यायला लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात, दारं म्हणा हवं तर, आणि सॅच्युरेटेड फॅट (बटर, खोबरेल तेलात भरपूर असतं ते) जास्त झालं की ही दारं कमी होतात, मग एलडीएल बाहेरच फिरत राहतं. म्हणजे ट्रायग्लिसराइड कशाने उतरतं आणि एलडीएल कशाने चढतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एकाच वेळी एकाच शरीरात होऊ शकतात, आणि माझ्यात त्याच झाल्या होत्या. एक चांगली म्हणून दुसरी माफ होत नाही.

रिपोर्ट मॅडमना पाठवला. इथून माझी तक्रार सुरू होते.

पहिलं उत्तर आलं, "अभिनंदन! तुमचा ट्रायग्लिसराइड-एचडीएल रेशो ५.७ वरून २.१ वर आलाय, हाच खरा आकडा." रेशो सुधारला हे खरं आहे, आणि तो इन्शुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्याचा) चांगला अंदाज देतो हेही खरं. मी म्हटलं, मग एलडीएलचं काय? तर म्हणाल्या वजन उतरताना चरबीच्या पेशींमधलं कोलेस्टेरॉल बाहेर येतं, तात्पुरतं वाढतं, घाबरू नका. हेही होतं, मान्य. भराभर वजन उतरत असताना आकडे वरखाली होतात आणि म्हणूनच वजन स्थिर झाल्यावर टेस्ट करावी. पण माझं वजन चार आठवडे थांबलेलं होतं, त्यांच्याच ॲपमध्ये ती सपाट रेघ दिसत होती! ते मी दाखवलं तर तिसरं उत्तर, की लो-कार्बवर एलडीएलचे कण मोठे आणि हलके होतात, मोठे कण काही करत नाहीत. आणि चौथं, की तुम्ही "लीन मास हायपर रिस्पॉन्डर" असाल, अशा लोकांचं एलडीएल वाढतंच.

हे शेवटचं मला फार लागलं, कारण मी तो शब्द शोधून वाचला. ही व्याख्या ज्यांनी केलीय त्यांनी त्याचे आकडे स्पष्ट दिलेत, एलडीएल २०० किंवा वर, एचडीएल ८० किंवा वर, ट्रायग्लिसराइड ७० किंवा खाली, आणि हे प्रामुख्याने सडपातळ, व्यायामाने कसलेल्या लोकांत दिसतं. माझं एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड ९५, आणि साडेसात किलो उतरूनही मी सडपातळ कुठल्याच बाजूने नाही. एकही खूण जुळत नाही. नाव मोठं आहे म्हणून माणूस गप्प बसतो, मीसुद्धा दोन दिवस गप्प बसले होते. आणि त्या व्याख्येत बसणाऱ्यांनाही "मग काही हरकत नाही" असं सर्टिफिकेट मिळत नाही बरं का, ते फक्त काय होतंय त्याचं वर्णन आहे.

मग मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एपोबी नावाची टेस्ट सांगितली, आणि या टेस्टबद्दल मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. एलडीएलच्या, व्हीएलडीएलच्या प्रत्येक कणावर एपोबी हे प्रोटीन बरोब्बर एकच असतं. म्हणजे एपोबी मोजलं की कण किती हे थेट कळतं, ते मोठे का छोटे, हलके का जड हा वादच उरत नाही. शिवाय साध्या रिपोर्टमधलं एलडीएल बऱ्याचदा मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, १९७२पासूनचं फ्रीडवाल्डचं सूत्र. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते चालत नाही. माझ्या रिपोर्टवर करून बघा, २५३ वजा ४६ वजा १९, आलं ना १८८. ग्रुपवर काही जण म्हणत होते की हिशोबाचं एलडीएल खोटं असतं, सोडून द्या. म्हणून एपोबी. ते आलं १३८, म्हणजे कण खरोखरच जास्त होते. मोठ्या हलक्या कणांची गोष्ट माझ्यापुरती तिथेच संपली. एपोबी कुठे होत नसेल तर नॉन-एचडीएल बघा, टोटलमधून एचडीएल वजा केलं की झालं, वेगळे पैसे पडत नाहीत. माझं १६८चं २०७ झालं होतं.

डॉक्टरांनी एक गोष्ट शांतपणे समजावली. म्हणाल्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या मोठमोठ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब आहे, त्यात एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने कमी झालं की हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाल्या, आणि तुम्ही ६३ वर चढवलंय, घरात भावाचं हे असं असताना. मला रडूच आलं. मी म्हटलं मग मी परत पहिल्यासारखं खाऊ का? तर म्हणाल्या, "अजिबात नाही, कार्ब कमी केल्याने तुमचं जे कमावलंय ते घालवू नका. कार्बच्या जागी काय भरलंत ते मला लिहून आणा."

ते लिहून काढताना मला पहिल्यांदा नीट दिसलं, म्हणून तो सकाळचा मग जसाच्या तसा सांगते. प्रोग्रामच्या यादीप्रमाणे रोज सकाळी बटर कॉफी. प्रेसच्या भांड्यातली (धातूच्या जाळीने दाबून करतात ती) कडक कॉफी, त्यात एक मोठा चमचा बटर, एक मोठा चमचा खोबरेल तेल, मिक्सरला फिरवायचं, वर पिवळट फेस येतो आणि पाच मिनिटं ठेवलं तर कडेने तेलाचं गोल कडं धरतं. एक मोठा चमचा बटरमध्ये साधारण ७ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. खोबरेल तेलात साधारण १२. झाले १९. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत सॅच्युरेटेड फॅट ठेवा, माझ्या १६०० कॅलरीला ते जवळजवळ १८ ग्रॅम होतं. म्हणजे नाश्त्याच्याही आधी, एका मगात, अख्ख्या दिवसाचा कोटा पार. पुढे दुपारी बटरमध्ये परतलेली भाजी, संध्याकाळी क्रीम, चीजचे तुकडे, रात्री परत बटर. बेरीज ५०च्या वर गेली. आणि ॲप रोज मला हिरवी खूण देत होतं कारण ॲप फक्त कार्ब मोजत होतं!

त्यात कॉफीची अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच, काळजीची गोष्ट. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो, तो एलडीएल वाढवतो, हे नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत सिद्ध झालंय. कागदी फिल्टर तो अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. मी दिवसाला तीन-चार मग पीत होते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मुळात घोळ प्रोग्रामच्या त्या यादीत आहे. यादीचं नाव "हेल्दी फॅट्स". त्यात एकाखाली एक, बटर, क्रीम, खोबरेल तेल, एमसीटी ऑइल (खोबरेलासारख्या तेलातून काढलेलं तेल), चीज, ऑलिव्ह ऑइल, ॲव्होकॅडो, अक्रोड, बदाम, तेलकट मासे. सगळ्यांना सारखीच हिरवी खूण, "भरपूर घ्या". पण हे सगळं एका माळेचे मणी नाहीत हो. खोबरेल तेलातलं ८० टक्क्यांहून जास्त फॅट सॅच्युरेटेड, ऑलिव्हमधलं साधारण १४. एका बाजूला लॉरिक, मिरिस्टिक, पाल्मिटिक ही फॅटी ॲसिडं, म्हणजे फॅटचे घटक, जी एलडीएल चढवतात, दुसऱ्या बाजूला ओलेइक आणि लिनोलेइक, जी त्यांच्या जागी आली की एलडीएल उतरतं. स्टिअरिक म्हणून एक आहे ते सॅच्युरेटेड असूनही एलडीएलवर फारसा परिणाम करत नाही. चीजसुद्धा, तेवढंच सॅच्युरेटेड फॅट असलं तरी बटरइतकं एलडीएल वाढवत नाही असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे यादीतल्या यादीत केवढा फरक, आणि लेबल सगळ्यांना एकच.

२००३ मध्ये मेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६० नियंत्रित प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला होता. कार्बच्या जागी सॅच्युरेटेड फॅट घातलं तर एलडीएल आणि एचडीएल दोन्ही वाढतात आणि टोटल-एचडीएल रेशो (टोटल भागिले एचडीएल, जितका कमी तितका बरा) जवळपास तिथेच राहतो. कार्बच्या जागी अनसॅच्युरेटेड फॅट (ऑलिव्ह ऑइल, मेव्यातलं) घातलं तर तो रेशो सुधारतो. हे वाचून मी माझे रिपोर्ट काढले. सुरुवातीला २०६ भागिले ३८, म्हणजे ५.४. बारा आठवड्यांनी २५३ भागिले ४६, म्हणजे ५.५. जिथल्या तिथे! इतकी शिस्त, इतकं सगळं सोडलं, आणि हा रेशो हललाच नव्हता. ट्रायग्लिसराइडच्या आनंदात मी तो बघितलाच नव्हता आणि मॅडमनी दाखवलाही नाही.

आणि कोणी असं समजू नका की मी लो-कार्बच्या विरोधात लिहितेय. २००८ मध्ये इस्रायलमधला दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, ३२२ लोक, त्यात लो-कार्ब गटाचं ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल सगळ्यात छान सुधारलं आणि टोटल-एचडीएल रेशो २० टक्क्यांनी उतरला. पण त्या गटाला सांगितलं काय होतं? फॅट आणि प्रोटीन शक्यतो वनस्पतींमधून घ्या. ही ओळ लो-कार्बच्या जाहिरातींत कधीच नसते, प्रयोगाचं नाव तेवढं असतं. २०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला गार्डनर यांच्या टीमने ६०९ जणांवर एक वर्ष प्रयोग केला, लो-फॅट विरुद्ध लो-कार्ब, दोन्हीकडे चांगलं ताजं अन्न. वजन जवळपास सारखंच उतरलं, ५.३ आणि ६ किलो. लो-कार्बवाल्यांचं ट्रायग्लिसराइड-एचडीएल जास्त सुधारलं आणि एलडीएल सरासरीने थोडंसं वाढलं, लो-फॅटवाल्यांचं थोडंसं उतरलं. सरासरीत फरक छोटाच, पण सरासरी म्हणजे कोणाचं उतरलं कोणाचं चढलं सगळं त्यात मिसळलेलं. तुम्ही कुठल्या बाजूला आहात हे तुमचं रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि या प्रोग्राममध्ये मधली टेस्ट "ऐच्छिक" आहे. मी दादामुळे केली. ग्रुपमधल्या बहुतेकांनी केलीच नाही.

ऑलिव्ह ऑइल आणि सुक्या मेव्याबद्दल स्पेनचा प्रेडिमेड प्रयोग आहे, साडेसात हजारच्या आसपास लोक, २०१३ला आला, मग लोकांची गटात वाटणी करण्यातल्या चुका सापडल्या म्हणून मागे घेऊन २०१८ला दुरुस्त करून परत छापला, निष्कर्ष जवळपास तोच राहिला, हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे साधारण ३० टक्क्यांनी कमी. तो लो-कार्ब नव्हता, फॅट मात्र भरपूर होतं. रोज ३० ग्रॅम मेवा, त्यातले १५ ग्रॅम अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. डॉक्टरांनी मला तेच माप दिलं.

मग मी काय बदललं. कार्ब ५०चे ७०-८० ग्रॅम केले, कारण कडधान्यं आणि ओट्स थोडे परत आणायचे होते, विरघळणाऱ्या फायबरसाठी. ते फायबर आतड्यात बाइल ॲसिड (पित्तातलं) धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन बाइल बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं, इतकी सरळ गोष्ट आहे. बटर कॉफी बंद, कॉफी कागदी फिल्टरची आणि नुसती. परतायला आणि वरून घालायला ऑलिव्ह ऑइल, मूठभर मेवा, आठवड्यातून दोन-तीनदा तेलकट मासे, ॲव्होकॅडो. चीज थोडं ठेवलं. खोबरेल तेल स्वयंपाकघरातून बाहेर. पहिले आठ-दहा दिवस सकाळचा तो जाडसर मग फार आठवला, दहाच्या सुमाराला भूक लागायची, मग मी दोन उकडलेली अंडी आणि अक्रोड खायला लागले, तेव्हा ते थांबलं. सॅच्युरेटेड फॅट ५०वरून १५-१६ ग्रॅमवर आलं. एकूण फॅट जवळपास तेवढंच होतं, हे मुद्दाम सांगतेय, मी फॅट कमी केलं नाही, फॅट बदललं.

दहा आठवड्यांनी तिसरा रिपोर्ट. यावेळी मी बसूनच उघडला आणि खालून वर वाचत गेले. एलडीएल १२२. एचडीएल ४८. ट्रायग्लिसराइड ९०. टोटल १८८. एपोबी १३८चं ९८. वजन एक किलो अजून कमी, म्हणजे जवळपास तेच. टोटल-एचडीएल रेशो ३.९. गोळी एकही नाही. दादाला फोन करून आकडे वाचून दाखवले, तो म्हणाला "परत वाच", मी परत वाचले.

डॉक्टर अजून पूर्ण खूश नाहीत, दादाचा इतिहास बघता एलडीएल १००च्या आत हवं म्हणतात, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) सुद्धा एकदा बघून घेऊ म्हणाल्यात. ते वारशाने येतं आणि डाएटने जवळजवळ हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तरी तपासावं.

आता प्रोग्रामकडे परत. अजून दोन गोष्टी खटकल्या त्या लिहिल्याच पाहिजेत. एक म्हणजे यादीतलं जे "एमसीटी ऑइल" आहे ते हेच लोक विकतात, सॅशेमध्ये, आणि ॲपमध्ये यादीच्या खालीच खरेदीचं बटण आहे. सल्ला देणाऱ्यानेच माल विकायचा हे मला बरोबर वाटत नाही, निदान तसं स्पष्ट लिहा तरी. दुसरी जास्त गंभीर. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये चालू औषधं विचारतात, पण पुढे त्याचं काहीच होत नाही. ग्रुपमधल्या एक काकू डायबेटिसची गोळी चालू ठेवून एकदम २० ग्रॅम कार्बवर गेल्या आणि तिसऱ्या दिवशी साखर इतकी खाली गेली की हातपाय थरथरायला लागले, घाम सुटला, घरच्यांनी वेळीच ज्यूस पाजला. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर कार्ब कमी करायच्या आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावाच लागतो. एसजीएलटी२ गटातली (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) डायबेटिसची गोळी असेल तर किटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात ॲसिड साठण्याचा धोका, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतही नाही म्हणून ओळखायला उशीर होतो. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर असेल तर पॅनक्रियाला सूज यायची भीती असते, त्यांनीही स्वतःच्या मनाने भरमसाट फॅट सुरू करू नये. आणि ज्यांच्या घरात तरुणपणीच हार्टचा त्रास आहे किंवा एलडीएल आधीपासून १९०च्या वर आहे, त्यांनी असला प्रोग्राम डॉक्टरांच्या नजरेखालीच करावा.

घ्यावा का? ट्रायग्लिसराइड जास्त, साखर काठावर, आणि स्वतःहून कार्ब मोजायला जमत नाही असं असेल तर कार्ब मोजायला शिकण्यापुरता घ्या, त्यात हे लोक पटाईत आहेत. फॅटची यादी मात्र त्यांची वापरू नका. सुरू करायच्या आधी आणि मग दहा-बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा, जमलं तर एपोबी सोबत, आणि रिपोर्ट कोचला दाखवायच्या आधी डॉक्टरला दाखवा. मॅडमबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांना जे शिकवलंय ते त्या मनापासून सांगतात, त्यांचा स्वतःचा रिपोर्ट त्यांनी कधी काढलाय का असं मी विचारलं तर म्हणाल्या नाही. मी त्यांना काढायला सांगितलंय.

कंपनीला तिन्ही रिपोर्ट पाठवले, यादीचे दोन भाग करा आणि मधली टेस्ट सक्तीची करा असं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की फीडबॅक टीमकडे पाठवलाय. त्याला सात आठवडे झाले. काल रात्री ॲप उघडून बघितलं, यादी तीच आहे, पहिल्या नंबरवर बटर, पुढे हिरवी खूण.